बाळाला आपलं तोंड वाचता येतं काय? (आणि सातव्या महिन्याची भानगड)

तारांचा_माणूस
नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका दवाखान्यात ईईजी काढतो, म्हणजे डोक्याला तारा चिकटवायच्या आणि मेंदूतली वीज स्क्रीनवर उतरवायची. फिट येणारी पोरं, बाइकवरून पडलेले, असले पेशंट. हल्ली एक नाद लागलाय, ह्याच तारा लहान बाळांना लावून त्यांना हसरे, रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवतात आणि मेंदू काय करतो ते बघतात, त्यावर मिळेल ते वाचत बसतो. बायको म्हणते दिवसभर डोकीच बघतोस, घरी येऊन पण डोकीच.

धागा काढायचं कारण म्हणजे प्रत्येक घरात ह्यावरून दोन पार्ट्या असतात. एक म्हणते बाळाला सगळं कळतंय, त्याच्यासमोर तोंड पाडून बसू नको. दुसरी म्हणते त्याला काय कळतंय वो, दूध प्यायचं आणि झोपायचं. मला वाचून असं वाटायलंय की दोघंही महिने न बघता बोलतात. पाच महिन्यांचं बाळ आणि सात महिन्यांचं बाळ, घाबरलेल्या चेहऱ्यापुरतं बोलायचं तर, दोन वेगळी माणसं आहेत.

पहिल्यापासून सांगतो. १९७५ मध्ये अमेरिकेत जन्मून जेमतेम ९-१० मिनिटं झालेल्या बाळांना कागदावर काढलेला चेहरा दाखवला, आणि दुसऱ्या कागदावर तेच डोळे-नाक-तोंड पण विस्कटून काढलेले. कागद हळूहळू बाजूला सरकवला तर बाळं नीट चेहऱ्यामागं जास्त मान वळवत होती. १९९१ मध्ये लंडनला पुन्हा करून बघितलं, तसंच दिसलं. म्हणजे चेहऱ्याची ओढ घेऊनच येतंय ते. पण नवीन बाळाची नजर अंधुक, साधारण २०-३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, पाजताना आईचं तोंड असतं तेवढ्याच लांब. हसरं तोंड असलं तर जास्त वेळ बघतात असं २००७ मधल्या एका प्रयोगात नवजात बाळांत पण दिसलंय.

मोठ्या माणसाच्या डोक्यात चेहरा दिसला की सुमारे १७० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या-खालच्या बाजूला एक निगेटिव्ह लाट येते, उजवीकडं जास्त. १९९६ पासून तिला एन-१७० म्हणतात. बाळात ती लाट अशी एकसंध नसते. तिचं काम दोन लाटांत वाटलेलं असतं, एक २९० च्या आसपास आणि एक ४०० च्या आसपास. मेंदू तोच, पण वायरिंगवर अजून कोटिंग चढायचंय म्हणून उशीर. वर्षाचं होईपर्यंत ह्या लाटा बऱ्यापैकी मोठ्यांसारख्या वागायला लागतात. (जाता जाता, आमच्या दवाखान्यातल्या मशीनवर निगेटिव्ह लाट वर काढतात, पॉझिटिव्ह खाली. नवीन आलेली पोरं पहिला आठवडा ह्यातच गोंधळतात.)

आता मुद्दा. पाच महिन्यांच्या बाळाला हसरा आणि घाबरलेला चेहरा दाखवला तर घाबरलेल्याचं त्याला काही विशेष वाटत नाही. सात महिन्यांचं तिथंच खिळतं. असं का होत असेल, तुमच्या घरात काय बघितलंय, बोला.

खानापूरची_आक्का
तारा, बरा विषय काढलास बघ. मी अंगणवाडीत आयुष्य घालवलं. सहावा संपून सातवा लागला की पोरगं माणूस ओळखाय लागतं हे आमाला कुणी मशीन लावून सांगाय नको. त्याच्या आधी कुणाच्या बी कडेवर जातंय, नंतर पदर सोडत न्हाई. पण मला एक सांग, घाबरलेलं तोंड बघून पोरगं बी घाबरतंय काय? आमच्या गल्लीत एक म्हातारी हाय, ती प्रत्येकाला सांगते की बाळासमोर दचकलं तर बाळाला धक्का बसतोय. दचकणं काय माणसाच्या हातात असतंय होय?

तारांचा_माणूस
आक्का, हा प्रश्न मला पण पडला होता आणि खरं सांगू, ह्या सगळ्यातलं सगळ्यात भारी उत्तर ह्याचंच आहे. घाबरत नाही. लक्ष देतं.

कशावरून म्हणाल तर, १९८५ मध्ये नेल्सन आणि डॉल्गिन ह्यांनी दाखवलं की सात महिन्यांची बाळं घाबरलेल्या चेहऱ्याकडं हसऱ्यापेक्षा जास्त वेळ बघतात. भीती वाटली असती तर तोंड फिरवलं असतं, आईकडं झेपावलं असतं, रडलं असतं. तसं काही नाही, टक लावून बघत बसतं. मग १९९६ मध्ये नेल्सन आणि द हान ह्यांनी तारा लावून बघितलं. बाळाच्या डोक्याच्या मध्यावर एक लाट येते, साधारण ४०० ते ८०० मिलिसेकंदांत, ती लक्ष वेधलं गेलं की मोठी होते. घाबरलेल्या चेहऱ्याला ती हसऱ्यापेक्षा मोठी आली. आणि नंतर फिनलंडच्या लोकांनी छातीचे ठोके मोजले, तर घाबरलेला चेहरा बघताना सात महिन्यांच्या बाळाचे ठोके जरा मंद होतात. भ्यालेल्या जिवाचे ठोके वाढतात की वो. मंद होतात ते कान टवकारून, श्वास धरून काय आहे ते बघताना.

म्हणजे म्हातारीला सांगा, खुशाल दचका.

शंकाखोर_शहापूरकर
सगळं बरं आहे पण मला आधी हे सांग, सात महिन्यांचं पोर डोक्यावर तारा ठेवून घेतंय? आमच्या पुतण्याला टोपी घातली तर अर्ध्या मिनिटात फेकतो. आणि तुम्ही लोक मोठ्या माणसाला पण 'हलू नका, डोळे मिटा' करून अर्धा तास झोपवता, मग बाळाच्या डोक्यातली कुठली लाट चेहऱ्याची आणि कुठली दात येतायत म्हणून आलेली, हे कसं ठरवलं? मला तर हे सगळं जरा हवेतलं वाटतंय.

तारांचा_माणूस
रास्त शंका. आमच्याकडं टेपनं डोकं मोजून, खुणा करून, एकेक इलेक्ट्रोड पेस्ट लावून बसवतो, ते बाळाला चालणार नाही. त्यांच्याकडं जाळीची टोपी असते, प्रत्येक गाठीवर छोटा स्पंज, ती सगळी मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायची आणि एका झटक्यात डोक्यावर ओढायची. १२८ जागांवरून एकदम रेकॉर्डिंग. त्या वेळी दुसरं कुणीतरी समोर बुडबुडे उडवत असतं म्हणजे बाळाचे हात टोपीकडं जात नाहीत. बाळ आईच्या मांडीवर, समोर स्क्रीन, चेहऱ्याचा फोटो अर्धा-एक सेकंद येतो आणि जातो, बाळ बघत असेल तेव्हाच पुढचा फोटो. पाणी गालावरून ओघळतं, बाळ चाटतं, रेकॉर्डिंग बोंबलतं. अशा प्रयोगात साधारण निम्म्या बाळांचं रेकॉर्डिंग शेवटी वापरताच येत नाही, ते रडतात, झोपतात नाहीतर हलतात.

लाट वेगळी कशी काढतात म्हणशील तर शनिवारच्या बाजारात गणपत गल्लीत उभा राहा आणि कुणीतरी लांबून हळू आवाजात तुझं नाव घेतंय असं समज. एकदा घेतलं तर ऐकू येणार नाही. पण तोच आवाज, त्याच वेळेला, पुन्हा पुन्हा आला आणि तू सगळी रेकॉर्डिंग एकावर एक ठेवून सरासरी काढलीस तर बाजाराचा गोंगाट एकमेकांत कटून जातो आणि नाव तेवढं वर येतं. दात येण्याची लाट फोटोच्या टायमिंगला बांधलेली नसते, म्हणून ती कटते. म्हणूनच एका बाळाचं रेकॉर्डिंग बघून 'ह्याला राग कळतो' असं कुणी सांगू शकत नाही. कुणी असली टेस्ट करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

हुक्केरीचे_मास्तर
मला शहापूरकरांच्या पुढची शंका आहे. बाळाच्या अवतीभवती सगळे हसतच असतात, येणारा जाणारा 'अले अले' करतो. घाबरलेला चेहरा त्यानं आयुष्यात बघितलेलाच नसतो. मग नवीन दिसलं म्हणून बघतंय, एवढंच असेल की. त्यात भीतीचं काय आलं?

आणि कृपया इथं कुणी बेळगाव की बेळगावी हे काढू नका, मागचा धागा त्यातच बंद पडला.

तारांचा_माणूस
मास्तर, हा आक्षेप त्या लोकांनी स्वतःच घेतला होता आणि अजून पूर्ण मिटलेला नाही. दोन्ही बाजूनं पुरावा आहे.

तुमच्या बाजूनं असा की २००४ मध्ये सात महिन्यांची बाळं आणि त्यांच्या आयांचे स्वभाव दोन्ही तपासले. ज्या आया जास्त हसतमुख, आनंदी, त्यांचीच बाळं घाबरलेल्या चेहऱ्याकडं जास्त वेळ बघत होती. घरात जे दिसत नाही ते बाहेर दिसलं की नजर अडकते.

विरुद्ध बाजूनं असा की फिनलंडमध्ये तिसराच चेहरा ठेवून बघितलं, गाल फुगवलेला, म्हणजे विचित्र आणि नवीन तर आहे पण त्यात भावना कसलीच नाही. एक चेहरा मध्ये दाखवून मग बाजूला दुसरं काहीतरी दाखवायचं आणि बाळ पहिल्यावरून नजर काढतं की नाही ते मोजायचं. गाल फुगवलेल्यावरून नजर सुटली, घाबरलेल्यावर चिकटून राहिली. नुसत्या नवलाईनं हे भागत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्ही आहे. आणि सात महिन्यांनाच का, तर पोर तेव्हा रांगायच्या तयारीत असतं. मांडीवर असताना आजूबाजूला कुणी घाबरलं काय, ह्याला काय फरक पडतो. खाली सोडल्यावर फरक पडतो. ह्याला पक्का पुरावा म्हणू नका, पण डोक्याला पटतं.

निपाणीची_सूनबाई
दादा, एक विचारू? आमच्याकडं घराचं बांधकाम चालू आहे आणि वर तो दृष्टीचा मुखवटा टांगलाय, मोठे पांढरे डोळे, जीभ बाहेर, शेजारच्या कन्नड आज्जी त्याला दृष्टी गोंबे म्हणतात. माझी मुलगी आता आठव्यात आहे. कडेवर घेऊन बाहेर आलं की तिची मान तिकडंच. रडत नाही, हसत नाही, नुसती बघते. सासूबाई म्हणतात उतरवा तो. तुमचं वाचून वाटलं की हे तेच असेल काय?

तारांचा_माणूस
वैनी, तुमची मुलगी बघत्येय तिथं जगातले सगळेच बघतात, तुम्ही आणि मी धरून. घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यात सगळ्यात जास्त काय बदलतं तर डोळ्यातला पांढरा भाग वाढतो. २००४ मध्ये मोठ्या माणसांना एमआरआयमध्ये घालून नुसते पांढरे भाग दाखवले, बाकी चेहरा नाहीच, तेही १७ मिलिसेकंद, म्हणजे आपण काही बघितलं हे पण कळणार नाही इतका कमी वेळ. तरी मेंदूच्या आत बदामाएवढा अमिग्डाला म्हणून भाग असतो तो जागा झाला, मोठ्या पांढऱ्याला जास्त. आणि २०१४ मध्ये जर्मनीत सात महिन्यांच्या बाळांना ५० मिलिसेकंद नुसते डोळे दाखवले तर त्यांच्या ईईजीत पण घाबरलेल्या डोळ्यांचा फरक दिसला. तो मुखवटा रंगवणाऱ्यानं हे कुठं वाचलं नसणार, पण डोळे तेवढे बरोबर काढलेत.

उतरवायची गरज मला तरी वाटत नाही. रडत असती तर वेगळं.

ह्यावरून एका बाईची केस सांगतो, एस. एम. एवढ्याच नावानं ती जगाला माहीत आहे. एका दुर्मिळ आजारात तिचा दोन्ही बाजूचा अमिग्डाला गेला. १९९४ मध्ये तिच्यावर लिहिलं गेलं, बाकी चेहरे ओळखायची, भीतीचा चेहरा ओळखता यायचा नाही. सगळे म्हणाले, बघा, भीतीचं केंद्र गेलं. २००५ मध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं की ती बघते कुठं ते तरी बघू. तर ती समोरच्याच्या डोळ्यांकडं बघतच नव्हती! 'डोळ्यांकडं बघा' असं सांगितलं की तिला भीती ओळखता यायची, सांगायचं थांबलं की परत जैसे थे. म्हणजे तो भाग नुसता भीतीची घंटा वाजवत नाही, कुठं बघायचं हे पण तोच ठरवत असावा.

खानापूरची_आक्का
वैनी, मुखवटा राहूदे, काजळ तेवढं पोरीच्या डोळ्यात घालू नकोस, तीट गालाला लाव हवी तर. डॉक्टर लोक कशाला नको म्हणतात ते त्यांना विचार, बाजारच्या काजळात शिसं सापडतंय.

सुट्टीवरचा_फौजी
राम राम. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पोस्टिंगवर असताना मुलगा झाला, तेव्हा थोडे दिवस आलो होतो, आता परत सुट्टीवर आलोय तर तो नऊ महिन्यांचा आहे. मला बघितलं की ओठ काढतो आणि मग असा सूर लावतो की शेजारचे डोकावतात. मिश्या आहेत मला, कापू काय असं बायकोला विचारलं तर ती हसते. व्हिडिओ कॉलवर रोज बघतो की वो मला, तिथं हसतो, स्क्रीनला हात लावतो. समोर आलं की रडणं. पलटणीत सगळे माझा आवाज ऐकून सरळ उभे राहतात, आणि इथं हा. तारा भाऊ, लक्ष देतं घाबरत नाही म्हणालास, हे तर सरळ घाबरणं आहे.

तारांचा_माणूस
फौजी दादा, तुमचं हे वेगळं प्रकरण आहे. फोटोतल्या चेहऱ्याकडं बघणं एक आणि सहा फुटी माणूस अंगावर येणं एक. आठ-नऊ महिन्यांना अनोळखी माणसाला बघून रडणं हे बहुतेक सगळ्या बाळांत येतं आणि जातं. घरच्या माणसांशी गाठ पक्की झाल्याची ती खूण आहे, तुमच्याबद्दल त्याचं काही वाईट मत नाही. स्क्रीनवरचा हातभर चपटा बाबा आणि हा खरा बाबा एकच आहेत हे जोडायला त्याला थोडा वेळ द्या. व्हिडिओ कॉल मात्र चालू ठेवा, दीड वर्षाच्या आतल्या मुलांना स्क्रीन नको म्हणणाऱ्या अमेरिकेच्या बालरोगतज्ञांनी पण व्हिडिओ कॉलला सूट दिलीय.

आता उपाय. तुमच्या चेहऱ्यापेक्षा वैनींच्या चेहऱ्यावर जास्त अवलंबून आहे. १९८५ मध्ये एक प्रयोग झाला, मला तो सगळ्यात आवडतो. जाड काचेचं टेबल, अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचं कापड, अर्ध्या भागात ते कापड ३० सेंटिमीटर खाली, म्हणजे पायरी आहे असं दिसतं पण वर काच असल्यानं पडायचं भय नाही. वर्षाच्या बाळाला अलीकडं सोडलं, आई पलीकडं खेळणं घेऊन. एवढीशी पायरी बघून बाळ अडतं, धड भीतीदायक नाही, धड सरळ नाही. मग काय करतं, आईच्या तोंडाकडं बघतं. आईला आधीच सांगून ठेवलेलं की तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसता चेहरा करायचा. आनंदी चेहरा केलेल्या १९ पैकी १४ बाळं पलीकडं गेली. घाबरलेला केलेल्या १७ पैकी एकही नाही. रागावलेल्या चेहऱ्याला १८ पैकी २ गेली.

तेव्हा तुम्ही पोराला उचलायला धावू नका. वैनींच्या कडेवर असू दे, तुम्ही थोडं लांब बसा, तुम्ही दोघं हसत बोला, त्याच्याकडं रोखून बघू नका. वैनी जर 'आता रडणार बघ' अशा काळजीनं बघत असतील तर तो तेच वाचतोय.

मिश्या राहू द्यात.

खानापूरची_आक्का
फौजी बाळा, सांजच्याला दिवा लावायच्या वेळंला पोरं तशी बी किरकिर करतात. सकाळी आंघोळ झाल्यावर, पोट भरल्यावर बघ. खाली जमिनीवर बस, उभा राहू नको.

शंकाखोर_शहापूरकर
मी आक्षेप घेणारच. हे सगळे प्रयोग अमेरिका, इंग्लंड, फिनलंड. गोऱ्या पोरांच्या घरात आई-बाप आणि बाळ एवढंच. आपल्याकडं आज्जी, काकू, शेजारीण, एक मराठीत बोलते, एक कन्नडात 'अळबेडा कंदा' (रडू नको बाळा) करते, तिसरी दखनी उर्दूत, दिवसाला पंचवीस तोंडं बघतं पोर. पाच आणि सात महिन्यांचा हा हिशोब आपल्या पोरांना तसाच लावायचा काय?

तारांचा_माणूस
शहापूरकर, ह्यावर मी तुझ्याच बाजूला आहे. बाळं सगळीकडं एकसारखं बघत नाहीत ह्याला पुरावा आहे. २०१६ मध्ये इंग्लंडमधली आणि जपानमधली सात महिन्यांची बाळं घेऊन चेहऱ्यावर नजर कुठं कुठं फिरते ते मोजलं. जपानी बाळं डोळ्यांकडं जास्त, इंग्लिश बाळं तोंडाकडं जास्त. मोठ्या माणसांत हाच फरक आधी सापडलेला होता. एवढ्या लहान वयात पण ते आजूबाजूच्या माणसांकडून उचलतात.

आणि रोज जी तोंडं बघतात त्यात बाळं तरबेज होतात, जी बघत नाहीत ती सोडून देतात. २००२ मध्ये सहा महिन्यांच्या बाळांना माकडांचे फोटो दाखवले तर एक माकड दुसऱ्यापासून वेगळं ओळखायची! नऊ महिन्यांच्यांना आणि मोठ्यांना ते जमेना. पुढं २००५ मध्ये काही बाळांच्या आईबापांना माकडांच्या फोटोंचं पुस्तक दिलं, प्रत्येक माकडाला नाव, घरी दाखवत राहा म्हणून सांगितलं, त्या बाळांना नवव्या महिन्यात पण ओळखता आलं. आमच्या पंचवीस तोंडांच्या घरातल्या पोराच्या डोक्यात काय होत असेल हे बघायला बेळगावातच जाळीची टोपी आणावी लागेल. आक्कांच्या अंगणवाडीत बाळं तर भरपूर.

खानापूरची_आक्का
खानापूरच्या जंगलाच्या कडंला ये, पोरांना माकडांची नावं बी सांगू. टोपी मात्र पहिल्यांदा तुझ्या डोक्यावर घालून दाखव.

निपाणीची_सूनबाई
मी परत आले. हे विचारायला लाज वाटत होती. बाळंतपणानंतर पहिले तीन-चार महिने मला काहीच वाटत नव्हतं. ती हसायची आणि माझं तोंड तसंच, लाकडासारखं. दूध पाजायचे, सगळं करायचे पण हसू यायचं नाही. दवाखान्यात सांगितलं तर तिथं कुणीतरी म्हणालं, पहिलटकरणीला असं होतंय, चार दिवस माहेरी जाऊन या. आता बरं आहे. पण धागा वाचून पोटात गोळा आला, त्या दिवसांत तिच्या मेंदूचं काही नुकसान झालं असेल काय?

तारांचा_माणूस
वैनी, बरं केलंत विचारलंत. मी डॉक्टर नाही, वाचलेलं सांगतो.

१९७५ मध्ये एडवर्ड ट्रॉनिक ह्यांनी एक प्रयोग मांडला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा पूर्ण निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं, मग अस्वस्थ होतं, तोंड फिरवतं. हे सगळे ऐकवतात. पण प्रयोगात तिसरा भाग आहे तो कुणी सांगत नाही, आई परत खेळायला लागते. बाळ थोडं रुसतं, किरकिरतं आणि परत तिच्याकडं येतं. ट्रॉनिक ह्यांचं पुढचं सगळं काम ह्या परत येण्यावर आहे. चांगल्या धडधाकट आई-बाळांचं पण बराच वेळ एकमेकांशी जुळलेलं नसतं, चुकतं आणि परत जुळतं, असंच चालतं.

आईचं मन वर्षानुवर्षं दबलेलं राहिलं आणि कुणीच लक्ष दिलं नाही तर मुलावर परिणाम होतो हे खरं आहे, म्हणून तर उपचार घ्यायचे. तुमच्या घरात त्या वेळी सासूबाई होत्या, शेजारच्या आज्जी होत्या, त्या हसत होत्याच की. आणि तुमची मुलगी आठव्या महिन्यात मुखवट्याकडं टक लावून बघते म्हणजे ज्या वयात जे व्हायला पाहिजे ते होतंय, एवढं तरी दिसतंय. बाकी बालरोगतज्ञांना दाखवून घ्या म्हणजे मनात राहणार नाही.

दवाखान्यात जे बोलले ते चुकीचं बोलले. बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी १९८७ पासून दहा प्रश्नांची एक साधी चाचणी आहे, एडिनबरो स्केल म्हणतात, कुणीही पाच-दहा मिनिटांत भरून घेऊ शकतं. परत तसं वाटायला लागलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट.

खानापूरची_आक्का
पोरी, लाज कसली त्यात. असल्या कितीतरी बाळंतिणी बघितल्यात मी, निम्म्या जणींनी तोंडच उघडलं न्हाई. मला व्यनि (खाजगी निरोप) कर, मी फोन करते.

सुट्टीवरचा_फौजी
ताई, हिंमत केलीस लिहून. तारा भाऊ, एक विचारतो, मोठ्या माणसाचा मेंदू पण असा बदलतो काय? बायको म्हणते मी घरी आल्यावर पहिले काही दिवस सगळ्यांची तोंडं तपासल्यासारखा बघतो, कोण रागावलंय, कोण काय. साधं कुणी भुवया चढवल्या तरी माझं लक्ष जातं.

तारांचा_माणूस
बदलतो. हॉलंडच्या सैनिकांवर झालंय हे काम, २०११ मध्ये छापून आलं. अफगाणिस्तानला जायच्या आधी आणि आल्यावर, दोन्ही वेळा एमआरआयमध्ये रागावलेले आणि घाबरलेले चेहरे दाखवले. आल्यावर अमिग्डाला आणि त्याच्या जोडीचा इन्सुला हे दोन्ही भाग आधीपेक्षा जास्त जोरात काम करत होते, आणि ही माणसं आजारी नव्हती बरं का. गंमत म्हणा नाहीतर दुर्दैव म्हणा, त्याच वर्षी लंडनमध्ये ज्यांच्या घरात मारहाण होते अशा शाळकरी मुलांवर तसंच काम झालं आणि रागावलेल्या चेहऱ्याला तेच दोन भाग. ती मुलं पण वरून ठीकठाक होती. जिथं राहायचं तिथं लवकर ओळखलेलं बरं, असा मेंदूचा हिशोब.

तुमच्या बाबतीत मी एवढंच म्हणेन की भुवयांकडं लक्ष जाणं ठीक, पण झोप उडत असेल, दचकून जाग येत असेल तर युनिटच्या डॉक्टरांशी बोला.

चंदगडी_पावणा
मी पलीकडचा, चंदगडचा, पण आमचा सगळा दवाखाना बेळगावलाच. माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. भावाचं पोर तीन महिन्यांचं आहे, अजून नजरेला नजर देत नाही, हसत पण नाही. फ्लॅश मारून फोटो काढला तर एक डोळा लाल येतो आणि दुसरा पांढरट. घरचे म्हणतात फोन हलका आहे. ह्याचा आणि चेहरे बघण्याचा काही संबंध आहे काय?

तारांचा_माणूस
पावणं, हे बाजूचं नाही, हे आधी करायचं काम आहे. एका डोळ्यात पांढरं येणं कधी कधी नुसतं फोटोच्या कोनामुळं असतं, पण जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या आतली गाठ पण असू शकते. उद्याच दाखवा, डोळ्यांच्या डॉक्टरांना. तीन महिने झाले तरी नजर देत नाही आणि हसत नाही एवढं एकच कारण पण दाखवायला पुरेसं आहे, हसू साधारण दीड-दोन महिन्यांत यायला पाहिजे.

चेहऱ्यांशी संबंध विचारलात म्हणून सांगतो. कॅनडामध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या, आणि काही महिन्यांतच ऑपरेशन झालेल्या मुलांना मोठी झाल्यावर तपासलं. २००१ मध्ये छापलंय. दिसायला सगळं नीट, वाचतात, लिहितात, पण दोन चेहऱ्यांत डोळ्यांमधलं अंतर किंचित बदललं तर त्यांना ते ओळखायला जड जातं. पहिल्या काही महिन्यांत न दिसल्याचा परिणाम इतक्या वर्षांनी. २००३ मध्ये पुढचं निघालं की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असलेल्यांनाच हा त्रास, उजव्यात असलेल्यांना नाही, कारण तान्ह्या वयात डाव्या डोळ्याचं मुख्यतः उजव्या मेंदूला जातं आणि चेहऱ्यांचं जास्त काम उजवीकडं. पण अशाच मुलांना चेहऱ्यावरची भावना ओळखायला सांगितलं तर ती इतरांइतकीच बरोबर निघाली. माणूस कोण आहे हे ओळखणं आणि त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, ह्या दोन वाटा मेंदूत बऱ्याच वेगळ्या असाव्यात.

आपल्याकडं शास्त्रज्ञ पवन सिन्हा ह्यांचा प्रकल्प प्रकाश आहे, जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांची मोठेपणी ऑपरेशनं करून ती चेहरे कसे शिकतात हे बघतात. शिकतात, पण वेळ लागतो. तुमच्या पुतण्याच्या हातात अजून तो वेळ आहे.

चंदगडी_पावणा
कुठला डोळा ते परत बघितलं, डावाच आहे. भावाला आत्ता फोन केला. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघतोय, पोराला उपाशी न्यायचं असतं काय?

तारांचा_माणूस
नाही, पाजूनच न्या. पोट भरलेलं असेल तर डोळ्यात थेंब घालताना कमी रडेल. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्याला वेळ लागतो, दुपार होईल हे धरून चला. फ्लॅशचे दोन-तीन फोटो फोनमध्ये तसेच ठेवा, डिलीट करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि गर्भारपणात वहिनींना अंगावर पुरळ येऊन ताप आला होता का ते त्यांना विचारून ठेवा, डॉक्टर विचारतील.